नवोदयच्या यादीत नाव आल्यानंतर: नागपूर जिल्ह्यातील पालक आणि विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड परीक्षेविषयी नागपूर जिल्ह्यात भरपूर माहिती मिळते. ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही पाठ असतो. यादीत नाव आल्यानंतर काय करायचे, हे मात्र नीट समजावून सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. प्रत्यक्षात सहावीचे पहिले काही महिने आणि नववीचे वर्ष या दोन टप्प्यांवर मुलांची खरी ओढाताण होते. या दोन्ही टप्प्यांची तयारी घरून, वेळेआधी करता येते, आणि हा लेख मुख्यतः त्या तयारीविषयी आहे.

शाळेची घडण आधी समजून घ्यावी

नवोदय विद्यालयांचा प्रयोग १९८५-८६ मध्ये देशात दोनच ठिकाणी सुरू झाला. एक ठिकाण हरियाणातील झज्जर होते आणि दुसरे आपल्या शेजारचे अमरावती. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या प्रयोगाला देशव्यापी रूप दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी, सहशिक्षणाची शाळा हे सूत्र ठरले. तमिळनाडूचा अपवाद सोडला, तर आज देशभर साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत. नागपूर जिल्ह्याचे विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे आहे. नागपूर शहराला पिण्याचे पाणी देणारा पेंच प्रकल्पाचा जलाशय याच गावाजवळ आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, नव्या पालकांना जाचक किंवा विचित्र वाटणारे बहुतेक नियम त्या मूळ रचनेतून आलेले आहेत. शाळा ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी काढली, म्हणून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना मिळतात. मुलींनी मागे राहू नये म्हणून किमान एक तृतीयांश जागा त्यांच्यासाठी असतात. वर्ग एकत्र भरतात आणि वसतिगृहे मात्र वेगळी असतात. निरनिराळ्या प्रांतांतील मुलांनी एकमेकांना ओळखावे, या हेतूने नववीतील काही मुले वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यात पाठवली जातात. प्रवेश घेताना ही सगळी रचना मान्य करावी लागते. तिच्यातला सोयीचा भाग तेवढा उचलता येत नाही.

पहिली पायरी: कागदपत्रे

यादीत नाव येणे म्हणजे तात्पुरती निवड होय. कागदपत्रांची पडताळणी झाल्यावरच प्रवेश पक्का होतो आणि त्यासाठी दिलेली मुदत बहुधा थोडीच असते. जन्माचा दाखला, पाचवीच्या शाळेचा दाखला, तिसरी ते पाचवी कोणत्या शाळांत झाली याचे प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, आधार कार्ड, लागू असल्यास जातीचे किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र आणि छायाचित्रे एवढे कागद तयार ठेवावेत. विद्यालयाकडून येणारी यादी हाती पडली की तिच्याशी आपले कागद एकेक करून ताडून पाहावेत. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना वेळ लागतो, विशेषतः जूनमध्ये, जेव्हा सगळ्या जिल्ह्याची प्रवेशाची धावपळ एकाच वेळी चालू असते. म्हणून निकालाची वाट न पाहता अर्ज आधीच टाकलेला बरा.

सर्वांत जास्त घोटाळा ग्रामीण कोट्याच्या बाबतीत होतो. ग्रामीण उमेदवार ठरण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. या काळात मूल एक दिवस जरी शहरी भागातील शाळेच्या पटावर असले, तरी ते शहरी धरले जाते. नागपूरच्या आसपास ही अट नेमकी टोचते, कारण वाडी किंवा वानाडोंगरी यांसारखी कालपरवापर्यंतची गावे आता नगरपरिषदा झाली आहेत. आपले घर कोणत्या गावात आहे, हा येथे प्रश्नच नसतो. मुलाची शाळा त्या वर्षांत कोणत्या हद्दीत होती, हे पाहिले जाते. शंका असल्यास मुख्याध्यापकांकडून आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी खात्री करून घ्यावी.

मूळ कागद जमा करण्यापूर्वी प्रत्येकाच्या दोन-तीन छायाप्रती घरी ठेवाव्यात. जुन्या शाळेचा दाखला काढताना नाव, आडनाव, आईचे नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी अक्षरशः जुळते का, हे तेथेच उभे राहून तपासावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर हीच नोंद उतरते आणि नंतर ती बदलणे फार कटकटीचे असते.

दुसरी पायरी: खर्चाचा हिशेब

शिक्षण, निवास, जेवण, गणवेश, पाठ्यपुस्तके आणि वह्या यांचा खर्च शाळा करते. साबण-तेलासारख्या रोजच्या वापराच्या वस्तूही शाळेकडून मिळतात. नववी ते बारावीसाठी दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी म्हणून घेतले जातात. त्यातून सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींचे व दिव्यांग विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना सूट आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी हा निधी अधिक असून तो दरमहा १५०० रुपयांपर्यंत जातो. याखेरीज कोणी देणगीच्या नावाखाली पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत आणि थेट प्राचार्यांना कळवावे.

तिसरी पायरी: जाण्यापूर्वीचे दीड-दोन महिने

निकाल आणि प्रत्यक्ष प्रवेश यांच्यामधील काळ बहुतेक घरांत सत्कार, पेढे आणि नातेवाइकांकडचे मुक्काम यांत निघून जातो. कौतुक व्हायलाच हवे. पण दहा-अकरा वर्षांचे मूल ज्या गोष्टी आजवर आईच्या हाताने होत आल्या त्या एकट्याने करायला जाणार आहे, हे ध्यानात घेऊन रोज थोडा सराव करून घ्यावा. आपले मोजे व अंतर्वस्त्रे स्वतः धुणे आणि ती सावलीत दमट न ठेवता उन्हात वाळवणे, एका बादलीत आंघोळ आटोपणे, अंथरूण घालणे व काढणे, ताट-वाटी घासणे, कुलूप लावून किल्ली नेहमी एकाच जागी ठेवणे आणि तुटलेले बटण लावणे एवढे जमले, तरी पहिल्या महिन्यातील निम्मे रडणे वाचते. मुलींच्या बाबतीत केस स्वतः विंचरून वेणी घालणे आणि मासिक पाळीविषयी आईने मोकळेपणी, वेळेआधी बोलणे आवश्यक आहे. सहावी-सातवीत हा प्रसंग घराबाहेर येऊ शकतो आणि तेव्हा कोणाकडे जायचे, हे मुलीला ठाऊक असले पाहिजे.

जेवणाची सवय हा वेगळा विषय आहे. मेसमध्ये ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण मिळते आणि शेकडो मुलांच्या स्वयंपाकात घरची चव शोधण्यात अर्थ नसतो. वांगे नको, दोडका नको, भाजीत तर्री हवी, असे लाड ज्या घरात चालतात, तेथील मुलाला पहिले पंधरा दिवस उपासमार वाटते. म्हणून मे-जूनमध्येच घरी एक नियम करावा की पानात वाढलेले सर्व खायचे. ज्याला जे आवडत नाही, त्यानेही त्याचे दोन घास घ्यायचे.

चौथी पायरी: पेटीत काय भरावे

नवोदयच्या मुलाचे सगळे खाजगी जग एका पत्र्याच्या पेटीत मावते. इतवारीत किंवा तालुक्याच्या बाजारात मध्यम आकाराची, भक्कम कडी-कोयंड्याची पेटी मिळते. फार मोठी घेऊ नये, कारण ती पलंगाखाली जावी लागते आणि सुटीत उचलावी लागते. तिच्यावर नाव ठळक रंगवून घ्यावे. कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक हाऊस मास्टरांकडे, म्हणजे मुलाच्या वसतिगृह-गटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांकडे, किंवा घरी ठेवावी.

गणवेश मिळेपर्यंत वापरायला साधे कपडे, रात्रीचे कपडे, दोन टॉवेल, चादर, पांघरूण, चपला, बादली-मग, छत्री किंवा रेनकोट आणि टॉर्च एवढे पुरे होते. प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूने न जाणाऱ्या शाईने नाव लिहावे. थंडीचे कपडे पहिल्या दिवशी देऊ नयेत, दिवाळीच्या सुटीनंतर द्यावेत. मात्र ते नक्की द्यावेत, कारण उन्हासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या जिल्ह्यात जंगल आणि जलाशयाच्या कडेला डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच बोचरी असते आणि पहाटेची कसरत थंडीमुळे रद्द होत नाही. मोबाइल, सोन्याचे दागिने, महागडे घड्याळ आणि हातात जास्त रोकड देऊ नये. घरचा चिवडा-लाडू शाळा परवानगी देईल तेवढाच द्यावा आणि तो वाटून खाण्याइतका असावा.

पाचवी पायरी: प्रकृतीची माहिती लपवू नये

वैद्यकीय प्रमाणपत्र ही केवळ औपचारिकता समजून बहुतेक पालक मुलाचे जुने आजार सांगत नाहीत, कारण प्रवेश नाकारला जाईल अशी त्यांना भीती असते. ही चूक महागात पडू शकते. दमा, फिट येणे, औषधाची ॲलर्जी, रात्री अंथरूण ओले होणे हे सारे शाळेतील नर्सला आणि हाऊस मास्टरांना पहिल्याच दिवशी, इतर मुलांच्या देखत नव्हे तर बाजूला नेऊन सांगावे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून मुलाची ही तपासणी झालेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. मूल केवळ वाहक असेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. प्रत्यक्ष आजार असेल, तर भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि अतिश्रम टाळणे ही पथ्ये कसरत घेणाऱ्या शिक्षकांनाही माहीत असली पाहिजेत.

एकत्र राहण्यात खरूज, नायटा आणि उवा हे पाहुणे ठरलेलेच असतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. एकमेकांचे टॉवेल, कंगवे वापरायचे नाहीत आणि खाज सुटली की त्याच दिवशी नर्सकडे जायचे, एवढे मुलाला बजावून ठेवावे. सुटीत घरी आलेल्या मुलाला खरूज असेल, तर घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, नाहीतर ती फिरून येते.

सहावी पायरी: पहिले काही महिने

दिवस पहाटे सुरू होतो. कसरत, आंघोळ, नाश्ता, प्रार्थनासभा, दुपारपर्यंत वर्ग, जेवण, थोडी विश्रांती, पर्यवेक्षित अभ्यास, संध्याकाळी मैदान, हजेरी, रात्रीचे जेवण आणि पुन्हा अभ्यास असा तो रात्री दहाच्या सुमारास संपतो. ऋतूप्रमाणे वेळा थोड्या पुढे-मागे होतात. मुलांची विभागणी अरावली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी या चार हाऊसमध्ये होते. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, स्वच्छता यांच्या स्पर्धा हाऊसनुसार चालतात आणि प्रत्येक हाऊसला शिक्षक-पालक असतात. मुलाच्या दृष्टीने प्राचार्यांपेक्षाही हाऊस मास्टर महत्त्वाचे असतात, हे पालकांनी ओळखून त्यांच्याशी पहिल्याच भेटीत ओळख करून घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. नवे मूल रडते, पहिल्या फोनवर “मला घेऊन जा” म्हणते, पोटात दुखते म्हणून सांगते. यातले बरेचसे काही आठवड्यांत ओसरते, मात्र घरून दोन गोष्टी झाल्या नाहीत तरच. पहिली गोष्ट म्हणजे “नाही करमलं तर परत आणू” असे आश्वासन. ते ऐकलेले मूल शाळेत पाय रोवत नाही, रोज परतीचीच वाट पाहत राहते. दुसरी गोष्ट म्हणजे वारंवार आणि नियमाबाहेर भेटायला जाणे. नागपूरहून कामठी, कन्हान ओलांडून पारशिवनीकडे जाणे फार लांबचे नाही, आणि दर रविवारी गाडी काढण्याचा मोह नेमका त्यामुळेच होतो. कुही किंवा नरखेडच्या पालकांना हा मोह परवडत नाही, आणि अनेकदा त्यांची मुले लवकर रुळतात. भेटीचा जो दिवस शाळेने ठरवला असेल, त्या दिवशी मात्र चुकवू नये, कारण सर्वांचे आईवडील आले आणि आपले आले नाहीत, हे दुःख मुले फार काळ विसरत नाहीत. मधल्या काळात पत्र पाठवावे. आजच्या काळात ही सूचना जुनाट वाटेल, पण फोनवरचे बोलणे दोन मिनिटांत संपते आणि आजीने लिहिलेले पत्र पेटीत राहते.

रुळण्याचा त्रास आणि खरा त्रास यांत फरक करता आला पाहिजे. मूल रडते पण जेवते, खेळते, नव्या मित्रांची नावे सांगते, तर थांबावे. मूल एकाएकी गप्प झाले, वजन उतरले, अंगावर वळ दिसले, वस्तू सतत “हरवू” लागल्या, विशिष्ट मोठ्या मुलाचे किंवा माणसाचे नाव निघताच ते बिचकले, तर एक दिवसही थांबू नये. आधी हाऊस मास्टर, मग प्राचार्य यांच्याकडे लेखी तक्रार करावी. विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे तेथेही दाद मागता येते. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक मुलाला तोंडपाठ करवून ठेवावा.

सातवी पायरी: अभ्यास आणि भाषेचे वळण

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिला आलेला मुलगा येथे ८० जणांच्या तुकडीत पहिल्या चाचणीला चाळिसावा येतो आणि घरात सुतकी वातावरण पसरते. प्रत्यक्षात या वर्गातील प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला-दुसराच होता. सहावीचे क्रमांक म्हणूनच फारसे मनावर घेऊ नयेत. लक्ष द्यायचे ते भाषेकडे.

शाळा केंद्रीय मंडळाची, म्हणजे सीबीएसईची आहे. बालभारतीच्या जागी एनसीईआरटीची पुस्तके येतात. सुरुवातीच्या वर्षांत मातृभाषेतून समजावून सांगितले जाते. पुढे, साधारण आठवीनंतर, गणित आणि विज्ञान पूर्णपणे इंग्रजीत जाते आणि सामाजिक शास्त्रे हिंदीत वा इंग्रजीत. ज्या मुलाने सहावी-सातवीत मराठीवर निभावून नेले, त्याला नववीत विज्ञान अवघड गेल्यासारखे वाटते, पण खरे तर त्याला वाक्ये कळत नसतात. यावर उपाय साधा आहे, पण तो सहावीच्या पहिल्या महिन्यापासून करावा लागतो. एका वेगळ्या वहीत प्रत्येक धड्यातील संज्ञा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहाव्यात: अपूर्णांक, भिन्न, फ्रॅक्शन; लसावि, लघुत्तम समापवर्त्य, एलसीएम. रोज पाच-सहा संज्ञा झाल्या, तरी आठवीपर्यंत हे भांडार पुरेसे मोठे होते. सुटीत घरी आलेल्या मुलाला शिकवणी लावण्याऐवजी त्याच्याकडून ही वही मोठ्याने वाचून घेतली, तर अधिक उपयोग होतो.

पर्यवेक्षित अभ्यासाच्या तासाला मूल पुस्तकासमोर बसलेले असते, याचा अर्थ ते अभ्यास करत असते असा नव्हे. येथे शिक्षक आवारातच राहतात, आणि निवासी शाळेचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. अडलेले विचारायला संध्याकाळी शिक्षकांकडे जाण्याचे धैर्य ज्या मुलाने सहावीतच मिळवले, त्याला पुढे बाहेरच्या शिकवणीची उणीव जाणवत नाही.

आठवी पायरी: नववीतील स्थलांतर

नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी हिंदी भाषक राज्यातील संलग्न नवोदय विद्यालयात जातात आणि तेथील मुले आपल्याकडे येतात. यासाठी पालकांची संमती प्रवेशाच्या वेळीच लिहून घेतलेली असते. ऐन वेळी आजीची तब्येत पुढे करून ती मागे घेणे योग्य नाही. नेण्या-आणण्याची व्यवस्था आणि खर्च शाळा करते, सोबत शिक्षक असतात आणि दहावीला मुले आपल्या शाळेत परत येतात.

नागपूरच्या मुलांना येथे एक सोय असते. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा द्विभाषी राज्याची राजधानी होते आणि आजही आपल्या बाजारात, रेल्वेत, शेजारी हिंदी सतत कानावर पडते. त्यामुळे बोलणे अडत नाही. पण आपली नागपुरी हिंदी लिंग-वचनाची फारशी पर्वा करत नाही, आणि उत्तरपत्रिका तशी लिहिता येत नाही. आठवीत असताना हिंदीत रोज दहा ओळींचे शुद्ध लेखन केल्यास हा अडसर दूर होतो. पोळी-भाजीच्या ताटातून निराळ्या जेवणाकडे आणि आपल्यापेक्षा अधिक कडाक्याच्या थंडीकडे जायचे असल्याने जाड पांघरूण द्यावे. बाकी काळजी करू नये, कारण परतलेल्या मुलांच्या वागण्यातील सफाई आणि धीटपणा शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो.

दहावीनंतरचे निर्णय

अकरावीला नवोदयमध्ये राहायचे की नागपुरातील कनिष्ठ महाविद्यालयात यायचे, हा निर्णय दहावीच्या निकालानंतर घाईत घेऊ नये. आपल्या विद्यालयात हवी ती शाखा आहे का, हे नववीतच विचारावे, कारण सर्व शाखा प्रत्येक ठिकाणी नसतात. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करू इच्छिणाऱ्या नवोदयच्या मुलांसाठी दक्षणा फाउंडेशन या सेवाभावी संस्थेची निवड परीक्षा असते. निवड झालेल्यांना मोफत मार्गदर्शन मिळते. मोठ्या शिकवणी वर्गांची फी ज्यांना झेपत नाही, त्यांनी ही संधी अवश्य पाहावी.

दहावीनंतर बाहेर पडायचे ठरल्यास शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर केंद्रीय मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्रही मागून घ्यावे. राज्यातील महाविद्यालयात पुढे ते लागते. आणि अकरावी-बारावीसाठी दुसऱ्या राज्यातील नवोदय विद्यालयात जाण्याचा विचार असेल, तर आधी एक गोष्ट तपासावी: महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी रहिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याची सर्वसाधारण अट असते. नववीचे वर्ष बाहेर गेल्याने या अटीला बाधा येत नाही, बारावी बाहेर झाल्यास येऊ शकते. म्हणून त्या वर्षीची प्रवेश-माहितीपुस्तिका वाचूनच अर्जावर सही करावी.